सल्ला हवा: बोर्ड बूट होताना जीपीआयओच्या (चिपच्या इनपुट-आउटपुट पिनांच्या) 'डेप्रिकेटेड' ओळी येताहेत, कुठला मार्ग धरू? (बजेट ४ हजार)

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. भोसरीत एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही पाणीपुरवठ्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवतो. बोर्ड आमचाच, आय.एमएक्स ६यूएलएल चिपवर. इतकी वर्षं लिनक्सचा ५.४ कर्नल होता, निवांत चालला, पण डिसेंबर २०२५ मध्ये त्याचा लाँगटर्म सपोर्ट (एलटीएस) संपला म्हणून ६.१२ वर आणलाय. बूट होतंय, नेटवर्क, आरएस-४८५ (सिरीयल जोडणी) सगळं चालतंय, पण सिरीयल कन्सोलवर सुरुवातीलाच ही ओळ दिसते:

'जीपीआयओ जीपीआयओचिप०: स्टॅटिक अलोकेशन ऑफ जीपीआयओ बेस इज डेप्रिकेटेड, यूज डायनॅमिक अलोकेशन.'

म्हणजे पिनांचे नंबर आधीच ठरवून देणं आता जुनं झालं, ते कर्नललाच देऊ द्या. मग चिप१, चिप२ असं करत चिप४ पर्यंत, म्हणजे पाच वेळा. ५.४ मध्ये हे काहीच नव्हतं. कस्टमरकडचे इन्स्पेक्टर फॅक्टरी ॲक्सेप्टन्सला बूट लॉगची प्रिंट मागतात आणि 'डेप्रिकेटेड' दिसलं की खाली लाल रेघ मारून खुलासा मागतात.

ॲप्लिकेशन जुनं आहे, सी मधलं, /सिस/क्लास/जीपीआयओ/एक्सपोर्ट मध्ये ११३ वगैरे नंबर लिहून रिले चालवतं (म्हणजे सिसएफएस, फायलींत लिहून पिन चालवायची जुनी पद्धत). लिहिणारे कंपनीत नाहीत आता.

वेळ दोन आठवडे. पैसे जास्तीत जास्त ४,००० रुपये, ते पण एखादी केबल नाहीतर टूल घ्यायला. बोर्ड बदलता येणार नाही, साइटवर लागलेले आहेत. तर ह्या ओळी कशा घालवू, आणि डीबगिंगला स्वस्तातलं काय घेऊ, दोन्ही सांगा.

सोल्डरगन
एवढं काय त्यात, बूट आर्ग्युमेंटमध्ये 'क्वाएट लॉगलेव्हल=३' टाका, स्क्रीन चकाचक. आम्ही सगळ्या प्रॉडक्टला हेच करतो, आजवर कोणी विचारलं नाही. आणि डीबगिंगला खरंच काही घ्यायचं असेल तर चांगला जेटॅग प्रोब घ्या, मी घेतला तेव्हा साठ हजाराच्या आसपास पडला होता पण आयुष्यभराची चीज आहे, कर्नल पॅनिकच्या क्षणी थांबवून रजिस्टर बघता येतात. स्वस्तातलं घेऊ नका, नंतर रडायची वेळ येते.

म्युनिकवाला
@सोल्डरगन लॉगलेव्हल ३ केलं की वॉर्निंगबरोबर एररही कन्सोलवरून गायब होतात, कारण कन्सोलवर त्या आकड्यापेक्षा खालच्या पातळीचेच मेसेज येतात आणि एररची पातळी ३ आहे. नुसत्या वॉर्निंग लपवायच्या तर ४ पुरे. आणि लपवून तरी काय, डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चालवलं की सगळं परत समोर येणारच.

@इंद्रायणीकाठ आधी ओळ कुठून येते ते बघा, म्हणजे निम्मं काम होईल. ती तुमच्या ड्रायव्हरमधून येत नाही, ॲप्लिकेशनमधून तर नाहीच. कर्नलच्या जीपीआयओलिबमध्ये (पिन सांभाळणारा भाग) प्रत्येक कंट्रोलर नोंदवताना बघतात की ड्रायव्हरनं बेस नंबर (पहिल्या पिनाचा नंबर) स्वतः ठरवून दिलाय की 'तूच दे' म्हणून ऋण आकडा दिलाय. स्वतः दिला असेल तर ही ओळ छापतात. तुमच्या चिपचा कंट्रोलर ड्रायव्हर म्हणजे जीपीआयओ-एमएक्ससी, तो डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) अलायसचा, म्हणजे टोपणनावाचा, नंबर घेऊन त्याला ३२ नं गुणतो आणि तोच बेस देतो. ६यूएलएल मध्ये पाच बँक (पिनांचे गट) आहेत म्हणून पाच ओळी. तुमचा ११३ म्हणजे बँक ४, पिन १७. अलायस शून्यापासून मोजतात, म्हणून (४-१) गुणिले ३२ अधिक १७. करून बघा.

डायनॅमिक केलं की नंबर ५१२ पासून सुरू होतात. म्हणजे ओळी जातील, पण तुमचं ॲप्लिकेशन ११३ लिहील आणि त्याला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळेल. तुमचा खरा प्रश्न हा आहे, ओळी दुय्यम.

वऱ्हाडी_पोट्टा
मी त म्हणतो बोर्डच बदलून टाका भाऊ. आमच्याकडं आम्ही रास्पबेरी पायच्या सीएम४ मॉड्यूलवर गेलो, मॉड्यूल तेवढं विकत घ्याचं अन् खालचा कॅरिअर बोर्ड आपण बनवाचा. कर्नल तेच लोक सांभाळतात, आपल्याले फक्त ॲप्लिकेशनकडं पाहा लागते. दोन आठवड्यात होणार नाही हे खरं, सहा महिने पकडा. पण एकदाचं सुटते.

इंद्रायणीकाठ
@वऱ्हाडी_पोट्टा भाऊ, बोर्ड बदलणं शक्य नाही असं वरच लिहिलंय.

एम्बेडेडवाली
पायवर जाऊन हा प्रश्न सुटतही नाही. तिथे ६.६ कर्नलपासून सिसएफएसमधला पाय ४ चा १७ नंबर पिन ५२९ झाला, तेच ५१२ अधिक १७. आधी पायच्या कर्नलमध्ये बेस शून्यावर ठेवणारा वेगळा पॅच होता, तो काढला. जुने स्क्रिप्ट वापरणाऱ्या सगळ्यांना नंबर बदलायला लागले.

इंद्रायणीकाठ, तुमच्यासाठी योग्य मार्ग लिबजीपीआयओडी, पिन चालवायची नवी लायब्ररी. ती ज्यावर चालते तो कॅरेक्टर डिव्हाइसचा इंटरफेस कर्नलमध्ये ४.८ पासून आहे, म्हणजे २०१६. सिसएफएसवाला तेव्हापासूनच जुना ठरलाय, कर्नलच्या स्वतःच्या एबीआय कागदात (बाहेरच्या प्रोग्रामना दिलेल्या सोयींची नोंद) तो 'ऑब्सोलीट' फोल्डरमध्ये आहे आणि २०२० नंतर काढणार असं लिहिलेलं आहे. अजून काढलेला नाही, पण त्या भरवशावर नवीन काम करू नका.

करायचं असं: डिव्हाइस ट्रीमध्ये प्रत्येक बँकेला 'जीपीआयओ-लाइन-नेम्स' (लाइन म्हणजे पिन) द्या, 'पंप१-रिले', 'पंप२-रिले', 'फ्लोट-स्विच' अशी. ॲप्लिकेशनमध्ये नंबर नाही, नाव शोधायचं. मग बेस कितीही बदलू दे, बँक कुठल्याही क्रमानं येऊ दे, तुमचं काही बिघडत नाही.

आता ह्यातली मेख, आणि तुमचा रिले आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. सिसएफएसमध्ये पिन एक्सपोर्ट करून १ लिहिला आणि प्रोग्राम मेला तरी पिन तसाच राहतो. कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये लाइन तुमच्या फाइल डिस्क्रिप्टरशी (प्रोग्रामनं उघडलेल्या फाइलशी) बांधलेली असते, प्रोग्राम बंद झाला की कर्नल लाइन सोडतो आणि नंतर पिनची स्थिती काय राहील ह्याची हमी कोणी देत नाही. एका साइटवर पाहिलंय, ॲप्लिकेशन रिस्टार्ट होताना कॉन्टॅक्टर टक्कन पडला आणि परत लागला, तिथल्या ऑपरेटरला वाटलं लाइट गेली.

आयओटी_अण्णा
लॉगलेव्हल कमी करा, काम संपलं. कस्टमरला कन्सोल दिसतच नाही.

म्युनिकवाला
@आयओटी_अण्णा त्यांचा कस्टमर प्रिंट मागतो, पहिली पोस्ट वाचा.

@एम्बेडेडवाली अगदी बरोबर. फक्त एक भर, लिबजीपीआयओडीच्या १ आणि २ ह्या दोन आवृत्त्यांत एपीआय (वापरायची फंक्शनं) पूर्ण वेगळा आहे, २ आली २०२३ मध्ये. डेबियन १२ मध्ये १.६ आहे, डेबियन १३ मध्ये २.२. योक्टोत (एम्बेडेड लिनक्स बिल्ड करायचं साधन) कर्कस्टोन आवृत्तीला १.६, स्कार्थगॅपला २.१. नेटवरची बरीच उदाहरणं १ ची आहेत, ती २ वर कंपाइलच होणार नाहीत. कमांडही बदलल्यात, जीपीआयओसेट १ मध्ये व्हॅल्यू लिहून लगेच बाहेर पडायची, २ मध्ये लाइन धरून बसून राहते, बंद करेपर्यंत. तुम्ही नव्यानं सुरू करताय तर थेट २ धरा.

सोल्डरगन
दर दोन वर्षांनी एपीआय बदलणार असतील तर त्याला स्टेबल कसं म्हणायचं? सिसएफएसची फाइल उघडून त्यात १ लिहायला शेल स्क्रिप्टही पुरतं, कुठली लायब्ररी नाही की काही नाही. चालणारी गोष्ट मोडायची हौस असते लोकांना. आणि लिनक्सवाल्या लिनसनंच सांगितलंय ना, यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) मोडायचं नाही? मग हे नंबर बदलतात कसे?

म्युनिकवाला
दोन गोष्टी एकत्र होताहेत. 'यूजरस्पेस मोडायचं नाही' म्हणणारे लिनस टॉरवाल्ड्स. जीपीआयओ सबसिस्टिम अनेक वर्षं सांभाळणारे ते लिनस वॉलेई, हे वेगळे गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत बार्तोश गोलाशेव्स्की, लिबजीपीआयओडी त्यांचीच. सिसएफएस इतकी वर्षं जुना ठरवूनही काढला नाही ह्याचं कारण तोच नियम आहे, लोक वापरताहेत तोवर काढणं अवघड. आणि एमएक्ससी ड्रायव्हर अजून स्टॅटिक बेस देतो तेही त्याचमुळे, उद्या बदलला तर तुमच्यासारख्या सगळ्यांचे नंबर हलतील. म्हणून आधी नुसती सूचना छापतात.

एपीआय बदलला तो लायब्ररीचा. कर्नलचा कॅरेक्टर डिव्हाइस इंटरफेस जुना आणि नवा दोन्ही चालतात.

सोल्डरगन
बरं, दोन लिनस हे नव्हतं माहीत. पण मुद्दा माझा कायम आहे, शेल स्क्रिप्टला लायब्ररी लागू नये.

रंकाळा_रूट
भावा इस्कटून सांगतो, ड्रायव्हरला हात न लावता ओळी जातात. वर म्युनिकवाल्यांनी सांगितलं की अलायसचा नंबर गुणिले ३२. आता बोर्डाच्या डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीची फाइल) अलायसेस नोडात '/डिलीट-प्रॉपर्टी/' वापरून जीपीआयओ० ते जीपीआयओ४ हे अलायस काढून टाक. मग अलायस शोधणारं फंक्शन उणे १९ परत देतंय, म्हणजे 'नो डिव्हाइस' एरर, त्याला ३२ नं गुणलं की उणे ६०८, आणि ऋण बेस म्हणजे डायनॅमिक. पाचच्या पाच ओळी गायब. कर्नल सोर्समध्ये एक अक्षर बदलायला नको, पुढच्या एलटीएसला पॅच घेऊन फिरायला नको. आमच्या बोर्डवर हेच आहे आणि झकास चाललंय.

नंबर मात्र बदलणार, ११३ चा ६२५ होईल जर बँका त्याच क्रमानं आल्या तर. क्रमावर भरवसा नको असंल तर /सिस/क्लास/जीपीआयओ मधल्या प्रत्येक जीपीआयओचिपची 'लेबल' फाइल वाच, तिथं पत्ता असतोय. बँक ४ चं लेबल '२०ए८०००.जीपीआयओ'. ते सापडलं की त्याच फोल्डरातली 'बेस' फाइल वाचायची, त्यात १७ मिळवायचे. दहा ओळींचं फंक्शन, ॲप्लिकेशनात जिथं नंबर लिहिलेत तिथं ते बोलवायचं. दोन आठवडे कशाला, दोन दिवसात होतंय.

इंद्रायणीकाठ
@रंकाळा_रूट हे भारी आहे, डीटीएसमध्ये करून बघितलं, ओळी खरंच गेल्या. लेबलवरून बेस पण मिळाला. धन्यवाद.

आधीच विचारायचं राहून गेलं, ६.१२ वर सुरुवातीला /सिस/क्लास/जीपीआयओ हा फोल्डरच नव्हता, जुनाच डेफकॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची फाइल) वापरला होता तरी. मग मेन्यूकॉन्फिगमध्येही (पर्याय निवडायची स्क्रीन) तो पर्याय सापडेना. एकानं 'एक्स्पर्ट' चालू करायला सांगितलं तेव्हा दिसला. हे असं का?

एम्बेडेडवाली
कारण सिसएफएसचा पर्याय आता 'कॉन्फिग एक्स्पर्ट' चालू असेल तरच दिसतो. जुन्या डेफकॉन्फिगमध्ये तो हो लिहिला असला तरी एक्स्पर्ट बंद असेल तर कॉन्फिग बनवताना निमूट गळतो. मुद्दामच केलंय, नव्या माणसानं चुकून चालू करू नये म्हणून. अपग्रेड करताना जुनी आणि नवी डॉटकॉन्फिग 'डिफकॉन्फिग' स्क्रिप्टनं ताडून बघत जा, कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्येच आहे, असे गळालेले पर्याय लगेच कळतात.

नवखा_कर्नलवाला
धाग्यात मध्येच विचारतो. हे सगळं डेप्रिकेटेड आहे तर कंपाइल करतानाच का नाही सांगत? बूट होईपर्यंत का थांबायचं? आमच्या जावाच्या प्रोजेक्टमध्ये कंपाइलरच सांगतो.

म्युनिकवाला
चांगला प्रश्न आहे. पूर्वी कर्नलमध्येही फंक्शनला 'डेप्रिकेटेड' खूण करायची सोय होती, कंपाइलर ओरडायचा. पण कोणी बदल करायचे नाहीत आणि बिल्डमध्ये वॉर्निंगचा एवढा ढीग व्हायचा की नवी, खरी वॉर्निंग त्यात बुडायची. २०१८ मध्ये टॉरवाल्ड्सनी ती बंदच केली. कर्नल वॉर्निंगशिवाय बिल्ड झाला पाहिजे हे धोरण. आता डॉक्युमेंटेशनच्या प्रोसेस फोल्डरमध्ये 'डेप्रिकेटेड' नावाचा एक कागद आहे, स्ट्रिंग कॉपीची जुनी फंक्शनं वगैरे कशाच्या जागी काय वापरायचं ते तिथं आहे. चेकपॅच स्क्रिप्टही बरंच पकडतं. आणि ह्या धाग्यातला बेस नंबर तर चालू झाल्यावरच कळतो, अलायस डिव्हाइस ट्रीतून येतो, कंपाइलरला तो दिसणार कसा.

कोकण_कंपायलर
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. इंद्रायणीकाठ, तुमचा स्वतःचा एखादा ड्रायव्हर आहे का ज्यात जुनी नंबरवाली फंक्शनं आहेत, 'ओएफ_गेट_नेम्ड_जीपीआयओ' वगैरे? असेल तर तो पण ह्याच फेरीत नव्या डिस्क्रिप्टरवाल्या (नंबर न वापरणाऱ्या) पद्धतीवर आणा, पण पोलॅरिटी (पिन वर असताना चालू की खाली असताना) सांभाळून. आमच्याकडे एडीसी (व्होल्टेजचं रीडिंग घेणाऱ्या) चिपची रिसेट लाइन होती, डिव्हाइस ट्रीमध्ये बरोबर 'ॲक्टिव्ह लो' लिहिलेली. जुना कोड ती खूण वाचायचाच नाही, १ लिहिला की पिनवर ३.३ व्होल्ट, ० लिहिला की शून्य. नव्या 'जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यू' मध्ये १ म्हणजे 'लाइन ॲक्टिव्ह करा', म्हणजे ॲक्टिव्ह लो असेल तर पिन खाली. एका सहकाऱ्यानं फंक्शनांची नावं तेवढी बदलली आणि आकडे तसेच ठेवले. एडीसी कायम रिसेटमध्ये. कंपाइल स्वच्छ, बूट लॉग स्वच्छ, रीडिंग सगळी शून्य. आठवडाभर सगळे एसपीआय जोडणीच्या क्लॉककडे बघत बसले होते.

म्हणून आकडे उलटे करा, आणि पिन मीटरनं मोजा. लॉग स्वच्छ आहे ह्यावर जाऊ नका.

इंद्रायणीकाठ
@कोकण_कंपायलर आहे एक, आरएस-४८५ आयसोलेटरच्या इनेबलचा. बघतो. फार उपयोगी सांगितलंत.

कोकण_कंपायलर
मग ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये 'डेव्हएम_जीपीआयओडी_गेट' वापरा, नाव 'इनेबल' दिलं तर डिव्हाइस ट्रीत 'इनेबल-जीपीआयओज' शोधेल. परत आलेला एरर 'डेव्ह_एरर_प्रोब' मधून पाठवा, म्हणजे उणे ५१७ आला, जो नुसता 'कंट्रोलर अजून तयार नाही, नंतर ये' असा असतो, तर लॉगमध्ये उगाच एरर छापत नाही. तुमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना तेवढीच एक ओळ कमी.

आयओटी_अण्णा
मी हे काम बाहेरून करून देतो, १८ हजार, टेस्टिंगसकट. मेसेज करा. गेल्या वर्षी अशीच तीन कामं केली, सगळ्यांचे लॉग स्वच्छ आहेत.

सोल्डरगन
@आयओटी_अण्णा तीन कामं लॉगलेव्हल बदलूनच का?

आयओटी_अण्णा
एकात लॉगलेव्हल, दोनात पॅच. कस्टमर खूश आहेत.

वऱ्हाडी_पोट्टा
टूलचं कोणी सांगून नाही राहिलं. भाऊ तुम्ही ४ हजारात दोन गोष्टी घ्या. एक यूएसबी-सिरीयल केबल, सीपी२१०२ वाली, अडीचशे-तीनशेत भेटते. ३.३ व्होल्टचीच पाहून घ्या, ५ व्होल्टच्या केबलनं आमच्याकडच्या एका पोट्ट्यानं सीपीयूचा आरएक्स पिन जाळला. दुसरं, आठ चॅनलचा चिनी लॉजिक ॲनालायझर, हजाराच्या आत. सिगरॉक अन् पल्सव्ह्यू ह्या सॉफ्टवेअरवर चालते. रिले पिन बूटच्या वेळेस हलते का नाही ते पाहाले तेवढं बास. साठ हजाराचा प्रोब ह्या कामाले कशाले?

सोल्डरगन
चिनी ॲनालायझर २४ मेगाहर्ट्झच्या वर जात नाहीत आणि इनपुट प्रोटेक्शन यथातथाच. माझा सल्ला तोच, एकदाच चांगलं घ्या.

एम्बेडेडवाली
रिलेचा पिन बघायला २४ मेगाहर्ट्झ खूप झाले. वऱ्हाडी_पोट्टा ह्यांच्याशी सहमत. फक्त पिन थेट बघा, रिलेच्या कॉइलवर लावू नका.

आणि इंद्रायणीकाठ, अलायसची युक्ती चालते हे खरं, पण मला ती पूर्ण पटत नाही. ओळी गेल्या, सिसएफएस मात्र तसाच राहिला. ज्या कारणासाठी सूचना येत होती ते कारण तिथंच आहे, आणि आता ते लॉगमध्ये दिसतही नाही. पुढच्या माणसाला काय कळणार? लिबजीपीआयओडीवर जा. लाइन सुटायची भीती असेल तर लायब्ररीच्या २.२ मध्ये डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) लाइन धरून ठेवणारा सर्व्हिस आलाय, ॲप्लिकेशन मेलं तरी तो लाइन सोडत नाही.

रंकाळा_रूट
ताई तुमचं बरोबर आहे पण त्यांच्याकडं दोन आठवडे आहेत. पंपाच्या कंट्रोलरवर डी-बस घालून काय करायचं? जेवढे भाग जास्त तेवढी मोडायची ठिकाणं जास्त.

एम्बेडेडवाली
मग सरळ विचारा की ॲप्लिकेशन मेल्यावर पंप चालू राहायला हवा की बंद व्हायला हवा. हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. टाकी भरत असताना प्रोग्राम मेला आणि पिन वरच राहिला तर पाणी वाहून जाईल, आणि बंद झाला तर गावाला पाणी नाही. सिसएफएस वापरल्यानं आजवर पहिलं उत्तर आपोआप लागू झालं, कोणी ठरवून घेतलेलं दिसत नाही.

म्युनिकवाला
हा खरा मुद्दा आहे. आमच्याकडे अशा जागी पिनची मालकी यूजरस्पेसकडे देतच नाहीत. हार्डवेअर वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की रिसेट करणारा) आणि फ्लोटचा इंटरलॉक रिलेच्या कॉइलमध्येच, कर्नल असो नसो.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे फ्लोटचा इंटरलॉक हार्डवेअरमध्येच आहे, टाकी भरली की कॉइलची सप्लायच तुटते. त्यामुळे ॲप्लिकेशन मेलं तरी पंप चालू राहावा हेच आम्हाला हवंय, आणि जुन्या माणसांनी ते विचार करूनच केलं असणार.

काल मॅनेजरसोबत बसलो, कस्टमरच्या इन्स्पेक्टरांशी पण फोनवर बोललो. ठरलं असं. अलायस परत घातले. पाचही ओळी लॉगमध्ये राहणार, नंबर ११३ चा ११३ च. ॲक्सेप्टन्सच्या कागदात एक पान जोडतोय, 'बूटच्या वेळी दिसणारे अपेक्षित मेसेज' म्हणून, त्यात ओळ जशीच्या तशी, ती कुठल्या ड्रायव्हरमधून येते, का येते, आणि कुठल्या कर्नलला जाताना आम्ही ती काढणार. इन्स्पेक्टर म्हणाले खुलासा लेखी असेल तर हरकत नाही, त्यांची हरकत न सांगता ठेवलेल्या गोष्टीला असते.

कारण सांगतो. नंबर बदलला की प्रत्येक रिलेची टेस्ट परत, प्रत्येक मॉडेलला, आणि जुन्या ॲप्लिकेशनमध्ये नंबर नक्की कुठेकुठे लिहिलेत ह्याची मला आज खात्री नाही. रंकाळा_रूट ह्यांची युक्ती सुंदर आहे, पण चुकलेला एक नंबर म्हणजे चुकीचा पंप. दोन आठवड्यात मी आरएस-४८५ चा ड्रायव्हर डिस्क्रिप्टरवर आणतोय, कोकण_कंपायलर ह्यांनी सांगितल्याप्रमाणे पिन मीटरनं मोजून. डिव्हाइस ट्रीमध्ये लाइनची नावं आत्ताच घालतोय, त्यानं काही मोडत नाही आणि पुढं लिबजीपीआयओडीला तीच लागणार. केबल आणि चिनी ॲनालायझर दोन्ही घेतले, मिळून हजाराच्या आसपास झाले.

सोल्डरगन
म्हणजे एवढी चर्चा होऊन ओळी तशाच? लॉगलेव्हल ४ तरी करा.

एम्बेडेडवाली
माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे, पण अलायस काढून गप्प करण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. त्या पानावर तारीख घाला आणि एका माणसाचं नाव घाला की पुढच्या एलटीएसला हे कोण करणार. नाहीतर पान फाइलमध्ये राहतं.

रंकाळा_रूट
ठीक आहे भावा, तुझा पंप तुझी जबाबदारी. पण लेबलवालं फंक्शन लिहून ठेवच, ज्या दिवशी ड्रायव्हर वरूनच डायनॅमिक होईल त्या दिवशी लागंल.

नवखा_कर्नलवाला
धागा चालूच आहे तर विचारतो, ऑफिसच्या एका जुन्या सर्व्हरवर बूट होताना एक्सएफएसची (डिस्कची फाइल सिस्टिम) ओळ येते, 'डेप्रिकेटेड व्ही४ फॉरमॅट (सीआरसी=०) विल नॉट बी सपोर्टेड आफ्टर सप्टेंबर २०३०'. ही पण नुसती कागदात लिहून सोडून द्यायची का? चार वर्षं तर आहेत.

म्युनिकवाला
नाही, ती वेगळी. तिथं तारीख ठरलेली आहे आणि त्याआधीच त्रास सुरू होतो, कर्नलच्या कॉन्फिगमध्ये व्ही४ चा सपोर्ट सप्टेंबर २०२५ पासून मुळातच बंद ठेवायचं त्यांच्या वेळापत्रकात आहे. म्हणजे नवा कर्नल टाकला आणि तो पर्याय बंद असेल तर डिस्क माउंटच होणार नाही. 'एक्सएफएस_इन्फो' चालवून सीआरसी=० आहे का खात्री करा. व्ही४ चं व्ही५ जागच्या जागी होत नाही. एक्सएफएसडंपनं बॅकअप घ्यायचा, नव्यानं फॉरमॅट करायचं, एक्सएफएसरिस्टोअरनं परत टाकायचं. रूट पार्टिशन आहे की डेटा?

नवखा_कर्नलवाला
डेटा. अकाउंट्सवाल्यांचा.

म्युनिकवाला
मग बॅकअप आधी दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघा, फायली उघडून बघा, आणि त्यानंतरच फॉरमॅटला हात घाला. मार्चअखेर टाळा.